आईचे दोन स्ट्रोक

माझ्या आईला गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ती कुकरशी बोलते, कुंडीतल्या तुळशीशी बोलते, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला हा रंग तुला शोभत नाही म्हणून सांगते. वडील होते तोवर ते पेपराआडून हं हं करायचे. ते गेल्यावर तिचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं, कारण मी एकुलता एक. दर वर्षी मार्च लागला की ती नाशिकहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला यायची. मी ऑफिसातून डोकं पिकवून घरी यावं आणि हिने दारातच सुरुवात करावी. समोरच्यांनी गवत कापलं, पोस्टमन आज बदली होता, फ्रीज मघापासून कसला तरी आवाज करतोय. मी वैतागायचो. बायको म्हणायची, दिवसभर बोलायला कोण आहे त्यांना इथे? खरंच होतं ते. पण खरं असलं म्हणून वैताग कमी होतो थोडाच.

दुसरी गोष्ट गोल्फची. लोकांना वाटतं, गडी अमेरिकेत आला, कंपनीत साहेब झाला आणि गोल्फ खेळायला लागला. तसं काही नाही. वडील देवळाली कॅम्पात मिलिटरीच्या ऑफिसात कारकून होते आणि आमचं क्वार्टर आर्मीच्या गोल्फ कोर्सच्या कुंपणाला अगदी लागून होतं. शेजारच्या एका निवृत्त सुभेदार काकांनी मला खेळायला शिकवलं. आई वीस वर्षं ओट्यापाशी उभी राहून खिडकीतून गोल्फच बघत आली. कुठल्या नंबरची काठी लांब जाते, कुठली उंच उडवते, वारं समोरून असलं की काय करतात, हे तिला पोळ्या लाटता लाटता पाठ झालं होतं. नियम मात्र तिला एकही माहीत नव्हता, कारण नियम खिडकीतून दिसत नाहीत.

इथे आल्यावर माझा खेळ सुधारला तो नोकरी लागल्यावर. नॉर्थ कॅरोलायनात कोर्स पैशाला पासरी. शनिवार-रविवार मी तिथेच पडीक असायचो आणि घरी शिव्या खायचो. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की ओपनला नाव दे. ओपन म्हणजे या देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा, आणि तिची गंमत अशी की हातात पुरेसा खेळ असेल तर कुणीही तिला नाव देऊ शकतो. शाळामास्तर, प्लंबर, माझ्यासारखा दिवसभर कोड लिहिणारा, कुणीही. पहिली पायरी असते लोकल क्वालिफायिंगची. एक दिवस, अठरा होल, ऐंशीएक खेळाडू आणि जागा पाच. त्या पाचांत आलात तर पुढची पायरी, आणि तीही चढलात तर मग टीव्हीवर दिसतात त्या लोकांबरोबर खेळायचं. टीव्हीबिव्हीचं स्वप्न मी कधी बघितलं नाही, तेवढी अक्कल मला होती. मला फक्त ती पहिली पायरी एकदा चढायची होती. एकदाच. पुढच्या पायरीवर सपाटून आपटलो असतो तरी पेढे वाटले असते.

दोन हजार एकपासून मी दर वर्षी जात होतो आणि दर वर्षी हात हलवत परत येत होतो. गोल्फमध्ये ज्याचे स्ट्रोक, म्हणजे फटके, कमी तो पुढे; माझं कधी एका स्ट्रोकने हुकलं, कधी दोनने, एकदा तर इतक्याने की आकडा सांगायचीही लाज वाटते. मग कंबर दुखायला लागली. डॉक्टरने मणक्याचा फोटो दाखवून सांगितलं की दिवसभर खुर्चीत बसायचं आणि सुटीच्या दिवशी शरीर असं पिळायचं, हे दोन्ही एकदम जमणार नाही. बायकोने त्याच दिवशी गाडीत माझ्याकडून वदवून घेतलं की दोन हजार सहाचं वर्ष शेवटचं. मी हो म्हणालो. मलाही आतून ते कळत होतं. म्हणजे त्या मे महिन्यातल्या क्वालिफायिंगला जे काही होईल ते होईल, त्यानंतर नाही.

अशा वेळी आदल्या दिवशी माझ्या कॅडीचा फोन आला. कॅडी म्हणजे बॅग ओढायला आणि चार शब्द बोलायला सोबत असतो तो. माझा कॅडी ऑफिसातलाच एक मित्र होता. त्याच्या टीमचं सॉफ्टवेअरचं रिलीज पुढे ढकलत नेमकं त्या दिवसावर आलं होतं आणि मॅनेजरने रजा कॅन्सल केली होती. यार सॉरी, सॉरी करत बसला. मी कपाळाला हात लावला. ओट्यापाशी भाजी निवडणारी आई म्हणाली, मी येते की. दोन चाकांची ढकलगाडी तर आहे, ढकलायचीच आहे ना? नाशिकला मी रोज गंगेवर चालत जाऊन येते, मला चालायचं काय सांगतोस. मी बायकोकडे बघितलं. ती खांदे उडवून म्हणाली, ने. निदान तू उपाशी तरी राहणार नाहीस.

कोर्स आमच्यापासून दोन तासांवर होता, पाइनच्या झाडांतला. आईने सलवार-कमीज घातली होती, पायात माझ्या बायकोचे स्पोर्ट्स शूज, डोक्यावर माझी जुनी टोपी. निघताना तिने माझ्या तळहातावर दही-साखर ठेवलं आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून माझ्या बॅगेलाही कुंकवाचं बोट लावलं. कोर्सवरच्या बाईने यादीत कॅडीचं नाव लिहून घेताना आईकडे दोनदा बघितलं, पण हसून कॅडीने अंगावर घालायचा पट्टा दिला. आईने तो पट्टा इतक्या ऐटीत चढवला की मला एकदम बरं वाटलं.

आम्ही तिघे एकत्र खेळणार होतो. एक होता गोरा, पन्नाशीचा, कुठल्याशा क्लबवर गोल्फ शिकवणारा प्रो, उन्हाने मान लाल झालेला. दुसरा बारीकसा मुलगा, स्वतःची बॅग स्वतःच खांद्यावर मारून आलेला, कॅडी नाही. त्याने आमचं बोलणं ऐकलं आणि चक्क मराठीत विचारलं की तुम्ही कुठले. पुण्याचा निघाला. इथल्या एका युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होता आणि त्यांच्या टीमकडून खेळत होता. झालं. आईला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पहिल्या होलच्या आधीच तिला त्याची आई काय करते, तो जेवतो कुठे, भात स्वतः लावतो की रूममेट लावतो, सगळं कळलं होतं. तो तिला काकू, काकू करत होता आणि मला दादा.

आणि काय सांगू, त्या दिवशी मी खेळलो. तसा मी आधी कधी खेळलो नव्हतो आणि नंतरही नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की एकाग्रता म्हणजे शांतता. आईने ती समजूत पार मोडीत काढली. ती शेजारून गाडी ढकलत सारखी बोलत होती. हे झाड बघ कसं वाकलंय, त्या माणसाला कोणीतरी टोपी द्या, सुभेदारांच्या सुनेला दुसरी मुलगी झाली. बॉल ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, घरंगळायला लागला की हलक्या आवाजात, जा बाई, जा, सरक थोडी. माझ्या डोक्यात एरवी जो कारखाना चालू असतो तो तिच्या बोलण्याखाली बंद पडला. स्ट्रोक मारण्यापुरती ती थांबायची, बॉल उडाला की पुन्हा सुरू. अर्धे होल झाले तेव्हा मी पाचांत होतो. मला ते माहीत होतं आणि तरी मी आईला सुभेदारांच्या सुनेचं विचारत होतो. त्या पोराचंही बरं चाललं होतं, पण तो काठावर होता.

चौदावा होल छोटा होता. मध्ये तळं आणि पलीकडे ग्रीन, एका फटक्यात तिथे पोचायचं. मी सहा नंबरची काठी काढली, मारला, आणि बॉल ग्रीनच्या अलीकडे वाळूत जाऊन बसला. झाडांच्या वर वारं समोरून होतं आणि खाली उभं राहून ते कळत नव्हतं. ठीक आहे, एखादा स्ट्रोक जाईल, फार बिघडलं नाही, असं मनाशी म्हणत मी बाजूला झालो. आता त्या पोराची पाळी. तो बॅगेपाशी उभा, हात एकदा या काठीवर, एकदा त्या काठीवर. एकटा, कॅडी नाही, विचारायला कुणी नाही. आणि माझी आई, जिला कुणी अडलेलं बघवत नाही, ती नेहमीच्या आवाजात त्याला म्हणाली, “बाळा, याने सहा घेतला तो कमी पडला. वर वारं आहे. तू पाच घे.”

पोराने पाच नंबर काढला, सहापेक्षा लांब मारणारा, आणि मारला. बॉल तळं ओलांडून खड्ड्यापासून हातभरावर जाऊन थांबला. आईने टाळ्या वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत, कारण मला नियम माहीत होता. गोल्फमध्ये पंच मागे मागे फिरत नाही. आपल्या हातून नियम मोडला तर आपणच तोंडाने सांगायचं, अशी या खेळाची रीत आहे, आणि ती रीत पाळली नाही तर मग खेळात उरतं काय? नियम असा की आपल्या बरोबरीच्या स्पर्धकाला कुठली काठी घ्यायची हे सांगायचं नाही. सांगितलं तर दोन स्ट्रोकचा दंड. कॅडीने सांगितलं तरी दंड खेळाडूलाच. ऐकणाऱ्याला काही नाही, त्याने विचारलं नसेल तर. त्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, पाच माणसं होती. लाल मानेचा प्रो आणि त्याचा कॅडी, त्यांना आईचं बोलणं म्हणजे पाखरांची किलबिल. आईला भाषा येत होती, नियम येत नव्हता. दोन्ही येणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि तो पोरगा.

तळ्याच्या कडेने चालताना तो माझ्याशेजारी आला. चेहरा पार उतरलेला. खाली बघत पुटपुटला, “दादा, मी काही ऐकलं नाही.”

चांगला मुलगा होता. मनापासून म्हणत होता. आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते लपवत नाही, मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. कुणाचं काय जाणार होतं? मराठीतलं एक वाक्य, पाइनच्या झाडांत विरून गेलेलं. पण तेच वाक्य ऐकून त्याने काठी बदलली होती, आणि त्याचा बॉल समोर खड्ड्यापाशी पांढराशुभ्र बसला होता. मी त्याला म्हटलं, तू तुझा खेळ. तुझं काही चुकलेलं नाही. त्याने पट केला, म्हणजे हलक्या हाताने बॉल खड्ड्यात ढकलला; बर्डी, ठरल्यापेक्षा एक स्ट्रोक कमी. मी वाळूतून काढून एक स्ट्रोक जास्त घेतला. मग मी त्या प्रोला गाठलं, कारण माझं कार्ड तो लिहीत होता, आणि सांगितलं की माझ्या कॅडीने याला कुठली काठी घ्यायची ते सांगितलं, माझे दोन वाढव.

तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. म्हणाला, मला तर काहीच समजलं नाही ती काय बोलली ते. तुझी खात्री आहे? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, असं मी नाही लिहिणार, अधिकाऱ्याला बोलवू. आम्ही पुढच्या टीवर थांबलो. नियमांचा अधिकारी छोट्या गाडीतून आला, म्हातारा, उंच, बोलायला फार सभ्य. त्याने विचारलं, त्या नक्की काय म्हणाल्या? शब्द सांगा. आणि मी माझ्या आईचं वाक्य एकेक शब्द करून इंग्रजीत सांगितलं, तिच्याच समोर, तिच्याविरुद्ध साक्ष दिल्यासारखं. सहा कमी पडला. वर वारं आहे. तू पाच घे.

आईला इंग्रजी बोलता यायचं नाही, पण कळायचं बऱ्यापैकी. आपलं बोलणं इंग्रजीत ऐकताना तिचा चेहरा हळूहळू बदलला. तिने मला विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, काही नाही, नंतर सांगतो. तिने त्या पोराकडे बघितलं. तो रडवेला झाला होता. त्यानेच तिला सांगितलं, दोन वाक्यांत, काकू असं असं असतं म्हणून. मी त्याला अडवू शकलो नाही.

मग आई पुढे झाली. ढकलगाडी सोडून ती त्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, त्याच्या छातीपर्यंत पोचणारी, टोपी कपाळावर घसरलेली. शाळेत मला शिक्षा झाली की हेडमास्तरांपुढे जाऊन उभी राहायची तशी. म्हणाली, “आय टोल्ड. ही नो टोल्ड. गिव्ह मी पनिशमेंट.”

त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली. वाकून, सावकाश, सोप्या इंग्रजीत समजावलं की मॅडम, कॅडी आणि खेळाडू हे आमच्या दृष्टीने एकच. तुमची चूक ही त्याची चूक. आई म्हणाली, पण माझा मुलगा नको म्हणाला असता, मीच आगाऊपणा केला. हे मराठीत. मग मला म्हणाली, सांग ना याला. मी म्हटलं, आई, चल, आपण मागच्यांना अडवून ठेवलंय.

राहिलेले होल ती बोलली नाही. पाणी दिलं, टॉवेल दिला, शब्द नाही. मी नेटाने खेळलो. वाईट नाही खेळलो. शेवटी कार्डावर एकाहत्तर आले, त्यात ते दोन धरून. संध्याकाळी फळ्यावर सगळे आकडे चढले तेव्हा शेवटची जागा सत्तरवर गेली. ती त्या पोराला मिळाली.

तो फळ्यापासून सरळ आमच्याकडे आला आणि सगळ्यांदेखत खाली वाकून आईच्या पाया पडला. प्रो लोक बघत राहिले. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला, मोठा हो म्हणाली, आणि तिचा हात तिथेच राहिला. त्याचं तोंड अपराध्यासारखं, तिचं तोंड अपराध्यासारखं, आणि मी मध्ये उभा, दोघांनाही काही नाही, काही नाही, असं म्हणत. मला राग यायला हवा होता. पण तो काढायचा कुणावर? त्या पोराने विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याने पुस्तकात लिहिलंय तेच केलं होतं. आणि आईवर रागवायचं तर ती कुणाला तरी मदत करत होती, जे ती जन्मभर करत आली आहे आणि ज्यावर मी वाढलो.

गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. हायवेला लागल्यावर म्हणाली, “पुढच्या वर्षी तोंड शिवून येते बघ. एक अक्षर बोलणार नाही.” मी आरशात बघत हो म्हणालो. पुढचं वर्ष नाही, हे शेवटचं होतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि आता मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार?

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. भांडली नाही. म्हणाली, आणखी एक वर्ष जा. त्यांच्यासाठी जा. कंबरेला पट्टा बांधून जा, पण जा.

पुढच्या मार्चमध्ये आई आली ती तयारीनेच. नाशिकला असताना फोनवर सांगायची, सकाळी तासभर मौन धरते, आता दीड तास जमतं. मला हसू यायचं, मग यायचं बंद झालं. इथे आल्यावर तिने नातीला, माझ्या मुलीला, धरून नियमांचं पुस्तक वाचून घेतलं. नात वाचायची इंग्रजीत, कंटाळून, इट्स सो बोअरिंग आजी म्हणत, आणि आई मध्येच थांबवून अर्थ विचारायची. मी तिला नाना परीने सांगितलं की कॅडीने आपल्या खेळाडूशी हवं तेवढं बोलावं, त्याला कसलीच बंदी नाही. उलट त्यासाठीच तर कॅडी असतो. ती म्हणायची, आणि दुसऱ्याच्या कानावर पडलं तर? मी म्हणायचो, पडू दे, तू त्याला सांगायला जात नाहीस ना. ती मान हलवायची. तिला खात्री नव्हती. नियमाची नाही, स्वतःची.

त्या वर्षी आमच्या तुकडीत दोघंही अनोळखी, दोघंही अमेरिकन. तिने दिवसभर भारूड म्हटलं असतं तरी त्यांना एक शब्द कळला नसता. पण सकाळी घरातून निघताना दही-साखर हातावर ठेवून तिने तोंड मिटलं ते मिटलंच. गाडीत दोन तास नाही. टीवर त्या दोघांनी गुड मॉर्निंग केलं तर हिने नुसते हात जोडले. त्यांतल्या एकाने थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या आईची तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, ती खेळाकडे लक्ष देतेय.

पहिल्याच होलवर मी बॉल झाडीत घातला. दुसऱ्यावर बॉल खड्ड्यात घालायला तीनदा पट करावा लागला. माझ्या डोक्यातला कारखाना जोरात चालू झाला होता आणि त्याच्यावर झाकण टाकायला काही नव्हतं. शेजारी गाडीची चाकं तेवढी करकरत होती. तिसऱ्या होलला जाताना मी म्हटलं, आई, त्या सुभेदारांच्या नातीचं काय झालं? तिने डोळे मोठे केले आणि बोट ओठांवर ठेवलं. मी म्हटलं, अगं, हे चालतं. तिने मान हलवली, नाही.

तेव्हा मला कळलं की आज मी माझ्यासाठी खेळत नाहीये. मला ती पायरी चढायची हौस केव्हाच उरली नव्हती. ती चढायची होती ती आईला सोडवायला. मी पाचांत आलो तर ते दोन स्ट्रोक पुसले जाणार होते, ती पुन्हा फ्रीजशी बोलणार होती, पोस्टमनचं सांगणार होती. नाही आलो तर ते तिच्या डोक्यावर तसेच राहणार होते. एवढं ओझं हातात घेऊन कुणाला पट करता येतो? चार फुटांवरून माझे बॉल खड्ड्याच्या कडेने निघून जायला लागले. प्रत्येक हुकलेल्या बॉलनंतर मी तिच्याकडे बघायचो आणि ती आपली टॉवेल पुढे करायची, चेहऱ्यावर काहीही न दाखवता, मला त्रास नको म्हणून.

बाराव्या होलवर माझा तोल गेला. मी जवळजवळ ओरडलोच, “बोल ना गं काहीतरी. तुझ्या पाया पडतो.” ते दोघे अमेरिकन वळून बघायला लागले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली आणि माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, लहानपणी ताप बघायची तशी. पण तोंड उघडलं नाही. तिला वाटत होतं की ती मला वाचवतेय. आणि मला कुठल्याही भाषेत तिला पटवून देता येत नव्हतं की तू मला बुडवतेयस. मी पाणी प्यालो आणि पुढचा बॉल तळ्यात मारला.

शेवटच्या तीन-चार होलांत माझी कंबर इतकी धरली की वाकून बॉल उचलता येईना. आई वाकायची आणि उचलून द्यायची. शेवटचा पट मी कसाबसा आत ढकलला, हात मिळवले, सॉरी म्हणालो त्या दोघांना, माझ्यामुळे त्यांना रखडावं लागलं म्हणून. एक्क्याऐंशी झाले होते. फळ्याकडे बघायची गरजच नव्हती.

कार्ड द्यायचा तंबू बाजूला होता. मी आत जाऊन आकडे ताडून बघितले, सही केली, बाहेर आलो. आई दोन्ही हातांनी गाडीचा दांडा धरून उन्हात उभी होती, मी ठेवून गेलो होतो तिथेच, सावली चार पावलांवर असताना.

“सही झाली?” तिने विचारलं. सकाळपासून वापर नसल्यामुळे तिचा आवाज बसला होता.

“झाली.”

“मग आता बोलले तर चालेल?”

मी हो म्हणालो. तिने तोंड उघडलं, पण तिला काही सुचेना.